थोरलीचं पासिंग

जेवता जेवता धाकट्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की गुरुवारी भंगारवाला येणार आहे आणि आवारातला जुना ट्रक घेऊन जाणार आहे. काकांचा घास हातातच राहिला. काकू आमटी वाढत होत्या, त्यांनी पळी पुन्हा पातेल्यात ठेवली आणि दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

धाकटा म्हणजे काका-काकूंचा एकुलता एक मुलगा. त्याच्या जन्माच्या आधी काकांनी लाकडाच्या वखारीसाठी हा ट्रक घेतला. काका दिवसभर त्याच्याखाली नाहीतर त्याच्यावर असायचे. तेव्हा काकूंनी वैतागून ‘ही तुमची थोरली’ म्हणायला सुरुवात केली. मग मुलगा झाला तो आपोआपच धाकटा ठरला. थोरलं भावंड काय करतं असं शाळेत कोणी विचारलं, तर तो ‘लाकडं वाहतं’ असं सांगून मोकळा व्हायचा.

थोरलीने ओंडके वाहिले, वासे वाहिले, आणि एक दिवस भर रस्त्यात तिचं इंजिन बसलं. पुढे वखार धाकट्याने हातात घेतली, नवा ट्रक आणला आणि थोरली आवाराच्या कोपऱ्यात जी उभी राहिली ती उभीच राहिली. आता धाकट्याला त्या कोपऱ्यात नवं करवत-यंत्र बसवायचं होतं. त्याचं काही चुकत नव्हतं, आणि नेमकं तेच काकांना सहन होत नव्हतं.

“ती चालू होईल,” काका म्हणाले.

“बाबा, चालू होऊन काय उपयोग? रस्त्यावर काढायची तर पासिंग लागतं. एक काम करा. बुधवारी तिला तपासणीला न्या. पास झाली तर मी तिला हात लावणार नाही. आईसमोर सांगतो.”

पोराने हे अगदी निर्धास्तपणे सांगितलं. बुधवारपर्यंत काही होत नाही याची त्याला खात्री होती. काकांनी मात्र ताटातलं तसंच टाकलं, हात धुतले आणि चपला घालून गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या घरची वाट धरली.

मिस्त्री थोरलीला तिच्या तरुणपणापासून ओळखत होता. गिऱ्हाइकाशी गोड बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने इंजिन उतरवलं, उकललं, प्रत्येक भागाला स्वतंत्र शिवी दिली आणि पुन्हा जोडलं. मंगळवारी सकाळी थोरली दोनदा खोकली आणि सुरू झाली. धूर एवढा निघाला, की शेजारपाजारच्या खिडक्या फटाफट लागल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराने आलं असं त्यांनी काकूंना सांगितलं आणि काकूंनीही ते मानून घेतलं.

“माझं काम झालं,” मिस्त्री हात पुसत म्हणाला. “आता गाडी आणा.”

“गाडी आणा म्हणजे? ही काय समोर आहे.”

“ही गाडी? बसायला सीट नाही, बघायला आरसा नाही, मागचा फाळका नाही, वाजवायला हॉर्न नाही. ते पासिंगचे साहेब आत बसणार कशावर, माझ्या डोक्यावर?”

काकांना एकेक आठवायला लागलं. माणूस दिलदार. गाडी बंद पडल्यावर कोणी काही मागायला आलं, की त्यांच्या तोंडून नाही निघायचं नाही. पण दिलं असंही ते कधी म्हणाले नाहीत. ‘वापरा तोवर, गाडी चालू झाली की परत करा,’ एवढंच म्हणायचे. घेणाराही मान डोलवून वस्तू उचलायचा, कारण गाडी चालू होणार नाही हे त्याला दिसत होतं. काकांना ते दिसत नव्हतं. प्रत्येक वस्तू देताना त्यांना वाटायचं, की परत मागायचा दिवस जरा जवळच आला.

नवे भाग घ्यावेत तर या गाडीचे भाग आता मिळत नाहीत आणि करून घ्यायचे तर बुधवार दुसऱ्या दिवसावर आला होता. शिवाय आपलं असताना विकत कशाला घ्यायचं, असं काकांचं म्हणणं. ते वसुलीला निघाले.

पुढची सीट, म्हणजे चांगला तिघांचा लांबलचक बाक, काकांच्या थोरल्या बहिणीकडे होता. अक्काने त्याला लाकडी पाय लावून घेतले होते आणि वर पोपटांच्या भरतकामाचं कव्हर शिवून टाकलं होतं. त्यावर दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, बसले होते. ते सहसा तिथेच असत.

“घेऊन जा बाबा,” अक्का म्हणाली. “निदान हे उठतील तरी.”

“मी उठणार नाही,” दाजी म्हणाले. “माझी कंबर या सीटलाच बसलीय. दुसरीकडं टेकलो की कळ येते. न्यायची तर एक दिवस न्या, संध्याकाळी परत पाहिजे. आणि मी बरोबर येणार.”

काका कबूल झाले. दुसरं करणार काय?

आरसा कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये होता. गिऱ्हाइकाचे केस कापून झाले, की सलूनवाला तोच आरसा त्याच्या डोक्यामागे धरायचा. मागचं दाखवायचा धंदा आरशाने इथेही सोडला नव्हता. सलूनवाला म्हणाला, की आरशाशिवाय गिऱ्हाइकाला मागून कसं दिसतं ते पटत नाही आणि न पटलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. त्यालाही संध्याकाळच्या आत आरसा परत हवा होता. काकांच्या शब्दावर त्याचा विश्वास होता, पण आरसा काचेचा होता, म्हणून तोही बरोबर येणार होता.

हौद्याच्या मागच्या बाजूचा तो दणकट लाकडी फाळका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दारात गटारावर आडवा पडला होता. त्यावरूनच गिऱ्हाइकं त्यांच्या घरात जायची. फाळका काढला तर बाई आत अडकणार किंवा बाहेर. बाईंनी क्षणभर विचार केला, टेप गळ्यात घातली, दाराला कुलूप लावलं आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

“काढा आता. पण परत बसेपर्यंत मी तुमच्याबरोबरच. जाऊ कुठं?”

हॉर्न मात्र कुठे गेला ते काकांना काही केल्या आठवेना. दुपारी स्वयंपाकघरातून भोंऽऽ असा आवाज आला, तसे ते जेवायला उठले, मोरीपर्यंत गेले आणि तांब्या हातात घेऊन थबकले. कित्येक वर्षं काकू वखारीतल्या माणसांना जेवायला बोलवायच्या त्या रबरी भोंग्यानेच. तो खिडकीच्या गजाला बांधलेला होता.

“हा थोरलीचा आहे,” काका म्हणाले.

“मग? मी का नाही म्हणाले?” काकू म्हणाल्या. “न्या. पण रात्रीच्या जेवणाआधी परत नाही आला, तर तुम्हाला हाका मारणार नाही.”

बुधवारी सकाळी मिस्त्रीने सगळं जागच्या जागी बसवलं. बाकाचे लाकडी पाय निघाले, पोपट निघाले नाहीत. दाजी कंबर सांभाळत पलीकडच्या दाराशी बसले. सलूनवाला आणि शिवणाऱ्या बाई मागे हौद्यात चढल्या. धाकटा काकांच्या आणि दाजींच्या मध्ये येऊन बसला. हे सगळं रस्त्यात कुठे बंद पडतं ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

काकांनी गिअर टाकला. थोरली कुरकुरली, हलली आणि फाटकातून बाहेर पडली. काकांचे पाय आपापली कामं विसरले नव्हते. चढावर त्यांनी क्लच असा अलगद सोडला, की धाकट्याने मान वळवून बघितलं. लहानपणी या गाडीत तो बापाच्या मांडीवर बसून स्टेअरिंगला लटकायचा. त्यानंतर दोघं असे शेजारी कधी बसले होते ते त्याला आठवेना. काकांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की गाडी नापास झाली तर काय, हा विचार पहिल्यांदाच त्यांच्या मनात आला.

तपासणीचे साहेब तरुण आणि टापटिपीचे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि हौद्यापाशी थांबले.

“मालाच्या गाडीत माणसं कशी?”

“आम्ही माणसं नाही,” शिवणाऱ्या बाई वरून म्हणाल्या. “आम्ही या सामानाचे राखणदार.”

“खाली उतरा.”

उतरले. साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले. फाळका हलवून बघितला, तो गटारावर माणसांच्या पायांखाली राहून आणखीच घट्ट झाला होता. आरशात स्वतःची मान वळवून बघितली, तेवढ्यात सलूनवाला पुढे होऊन म्हणाला, की मागून थोडे कमी केले तर शोभतील. सीटवरच्या पोपटांकडे साहेबांनी बराच वेळ बघितलं, पण पोपट नसावेत असा नियम त्यांना आठवला नाही. दाजींना उठायला सांगितलं. दाजी उठले नाहीत. सीट भक्कम आहे, असं साहेबांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी हॉर्न वाजवला. भोंऽऽ.

काका आणि धाकटा दोघेही बोलणं अर्धवट टाकून वळले आणि हात धुवायला नळाकडे चालायला लागले. नळापाशी पोचल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. धाकट्याला हसू आवरेना. काकांनी आता आलोच आहोत तर म्हणून हात धुऊन घेतले.

“हॉर्न परिणामकारक,” साहेब पुटपुटले आणि त्यांनी सही केली.

थोरली पास झाली. धाकट्याने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि बापाच्या खिशात ठेवला. “शब्द म्हणजे शब्द,” तो म्हणाला. परतताना साहेब फाटकात उभे होते, त्यामुळे हौद्यात कोणी चढू शकलं नाही. राखणदार गाडीच्या मागून चालत आले. थोरलीचा वेग बघता त्यांना धावावं लागलं नाही.

घरी पोचल्यावर इंजिन बंद व्हायचाच अवकाश. शिवणाऱ्या बाईंची गिऱ्हाइकं गटारापलीकडे ताटकळत उभी होती, त्यांनीच फाळका उचलून नेला. सलूनवाल्याने पान्याची वाटही बघितली नाही, कात्रीनेच स्क्रू काढले. अक्काने दोन हमाल पाठवले होते, ते बाक आणि दाजी असं दोन्ही घेऊन गेले. काकूंनी भोंगा सोडवला आणि स्वयंपाकघरात गेल्या. जेवणाची वेळ होईपर्यंत थोरली होती तशी झाली. पण आता तिच्या काचेवर आतून कागद चिकटवलेला होता, की ही गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे. काका कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते. त्यांना अजिबात वाईट वाटत नव्हतं.

गुरुवारी सकाळी भंगारवाला हजर झाला. त्याला नको म्हणून कळवायचं धाकट्याच्या डोक्यातून पार गेलं होतं.

“गाडी देता येणार नाही. पास झालीय,” धाकटा म्हणाला.

“कुठली गाडी?”

“ही.”

भंगारवाल्याने थोरलीभोवती फेरी मारली. आत वाकून बघितलं, मागे जाऊन बघितलं, काचेवरचा कागद बोट फिरवत वाचला आणि मग धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मोठ्या माणसांशी वाद घालून उपयोग नसतो हे त्याला धंद्यात कळलेलं होतं.

“बरं,” तो म्हणाला. “पण एवढा हेलपाटा झाला माझा. ते बॉनेट तरी द्या. घरी पाण्याच्या टाकीला झाकण नाही, सारखा कचरा पडतो.”

काका एक पाऊल मागे सरले. शब्द देऊन बसलेला तो पोरगा होता, बोलायचं तर त्याने बोलावं. धाकट्याने बॉनेटवर हात ठेवला. गाडीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मग आत जाऊन पाना घेऊन आला आणि स्वतःच नट सोडवायला बसला.

“न्या,” तो म्हणाला. “पण पुढच्या वर्षी पासिंगच्या दिवशी सकाळी लवकर यायचं. आणि हौद्यात बसायचं नाही, साहेबांना चालत नाही.”