ईटचं टोळ-दफ्तर

निजामाच्या राज्यात आमच्या ईट गावात हुकूम सोडणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी, शांतलिंग! टोळधाड येणार अशी आवई उठली, तशी सरकारनं गावोगावी हंगामी टोळ-दफ्तरं उघडली. धोका टळला की दफ्तर बंद. पण तोवर मी दरोगा! खुर्ची, शिट्टी आणि सासुरवाडीत नवा मान!

गावाला म्या ताकीदच दिली होती, "शिट्टी ऐकली की डबे बडवा, धूर करा. टोळ खाली उतरला न्हाय पाहिजे!"

टोळ काही येईनात. आले ते तपासणीला जैनोद्दीनसाहेब, टांग्यातून. मी वेशीत सलामीला उभा. पण टांगेवाला वाट चुकला अन् थेट ओढ्याच्या चिखलाकडं वळला! हाका मारून माझा घसा बसला. शेवटी काय करणार? शिट्टी फुंकली!

अन् काय सांगू! सगळं गाव पेटलं! डबे, घागरी, पराती! जागोजाग धूर! घोडं असं उधळलं, जणू शेपटीला फटाके बांधलेत!

"थांबा! टोळ न्हाय, साहेब हायत!" मी बसक्या आवाजात ओरडलो.

शेजारच्या रानातल्या रेवणप्पाला त्यातलं 'टोळ' तेवढं ऐकू गेलं. त्यानं परात दुप्पट जोरात बडवली!

धुरातनं धावत गेलो, तर टांगा कलंडलेला आणि कडब्याच्या गंजीतनं साहेबांचे दोन पाय वर! हलेनात. नोकरी जाऊ द्या, इथं माणूस गेला की काय! मी अन् रेवणप्पानं पाय धरून ओढले. साहेब निघाले. शेरवानीभर कडबा, पण हातपाय शाबूत! माझा जीव भांड्यात पडला. पण आता तुरुंग ठरलेलाच!

"टिड्डी किधर है?" साहेबांनी खोकत टोळांचं विचारलं.

"गेली, हुजूर," तोंडातनं निसटलं.

साहेबांनी आभाळ न्याहाळलं. खरंच, एक टोळ न्हाय!

"शाबाश! क्या मुस्तैद गाँव है! टिड्डी भागी, काम खतम. दफ्तर आज से बरखास्त! लाओ वो सीटी!"

तुरुंग टळला! घरापर्यंत पळतच आलो. बायको दारातच उभी.

"साहेब लई खूश झाले म्हणं!" गंगम्मा म्हणाली. "मग? बढती दिली का?"

"इतके खूश झाले," म्हणलं, "की दफ्तरच बंद केलं!"