दरीतील पाण्याची स्थिती : उत्तम

मृत समुद्राकडे उतरणाऱ्या आमच्या दरीत दर तीन महिन्यांनी पाण्याच्या कचेरीचं पथक येतं आणि नदीची प्रकृती तपासतं. खोली, गढूळपणा, काठची बोरूची बेटं, मासे, असे एकूण बावन्न रकाने आहेत. प्रकृती बिघडलेली आढळल्यास वरच्या धरणातून पाणी सोडावं, बरी आढळल्यास सोडू नये, असा नियम आहे. मी त्या कचेरीचा नोंदणी कारकून, आणि गावही माझंच.

यंदा वसंतातच नदीचा चिखल झाला. साऱ्या गावाची मावशी असलेल्या फिद्दाखालाच्या डाळिंबांनी पानं टाकली. पथक येणार म्हणताच गावाला मात्र भलतीच काळजी लागली. पाहुण्यांचे पाय चिखलात जाणार, त्यांना मेलेल्या माशांचा वास येणार, म्हणजे सात पिढ्यांची अब्रू गेली. मग मासे पुरले आणि घरोघरच्या टाक्या नदीतल्या मोजपट्टीजवळच्या डोहात ओतल्या. पथकाचे प्रमुख इंजिनिअर रकान यांनी पट्टी वाचली, त्याच पाण्यात बूट धुतले आणि मटण-भात पोटभर जेवले. प्रकृती उत्तम ठरली. धरण बंदच राहिलं.

पुढच्या खेपेला टाक्यांत ठणठणाट, म्हणून गावानं टँकर मागवला. तो पथकाच्या नजरेस पडला. 'ग्रामस्थांकडे नदीला पाजण्याइतके पाणी शिल्लक' अशी नोंद होऊन धरणाच्या दाराला कुलूपही लागलं.

आता तरी खरं सांगून टाक, असं मी खालाला म्हटलं. ती माझ्यावरच उखडली. "दारात आलेल्याला पाणी नाही म्हणू? त्यापेक्षा झाडं मेलेली बरी."

पण डाळिंबं तिच्या गेलेल्या नवऱ्यानं लावलेली. आठवड्याभरात ती नरमली. आपणच पाहुणे होऊन कचेरीत जायचं, असं तिनं ठरवलं. आमच्यात मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीचा पेला समोर तसाच ठेवतो. मागणं मान्य झाल्याशिवाय तो घोट घेत नाही आणि यजमानाला नाही म्हणता येत नाही. या रीतीपुढे खुनाची वैरंसुद्धा मिटली आहेत.

खाला चार म्हाताऱ्यांना घेऊन गेली. कॉफी आली. पाचही पेले गार झाले. रकानही आमच्यासारख्याच बेदुईन तंबूत वाढलेले, त्यांना सगळं कळलं.

"खाला, घ्या ना."

"आधी दार उघड, बाळा."

"रीत मलाही ठाऊक आहे हो. पण तिला रकाना नाही." एवढं बोलून ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी मजकूर सांगितला. "शिष्टमंडळास पेय देण्यात आले. कोणीही घेतले नाही. सबब तहान आढळून आली नाही."

मी लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे. खाला माझ्याकडे न बघता उठून गेली, आणि मला फार लाज वाटली. डाळिंबांचं आता सरपण झालं आहे.

अहवाल छापून आला, मुखपृष्ठावर तो डोह आहे. लोक दुरून मागवून वाचतात, हळहळतातही. तुम्हीसुद्धा शेवटपर्यंत वाचलंत, आभारी आहे. वाचता वाचता तुमचा चहा मात्र पिऊन झालेला दिसतो.