भुशाच्या शेगडीवरचे टाको

माहे सासरे शेगडीवरच्या गंजाले, म्हणजे पातेल्याले, कान लावून बसतात. मधात दुपट्ट्याची घडी ठेवतात, कान भाजू नाही म्हणून. डॉक्टर छातीले नळी लावून डोळे मिटते ना, तसे डोळे मिटतात अन् हात वर करून मले सांगतात, "चूप! बोलून राहिलं." बोलून राहिलं म्हणजे मटन. अन् माह्या कडेवरचं लेकरू तेवढ्यातच रडते, मंग मीच दोषी.

मी त्यायले मामाजी म्हणतो, आमच्याकडं सुना तसंच म्हणतात. जिंदगीभर लाल बस चालवली त्यायनं, भंडारा ते दिघोरी, अन् घरात कधी पाण्याचा गिलास उचलून ठेवला नाही. सासूबाई गेल्या तवा यायले चहा बी करता येत नव्हता. अन् आता पाहा, दर रविवारी मेक्सिकोचे टाको!

झालं असं का माही नणंद पौर्णिमा नर्स आहे, तिकडं अमेरिकेत. तिनं लगन केलं मेक्सिकोवाल्यासंग. मामाजी लय दिवस बोलले नाही तिच्यासंग. मंग तिले पोरगी झाली, लुसिया, तं फोन सुरू झाला. पोरगी मराठी बोलत नाही, मामाजीले तिचं कळत नाही. दोघं एकमेकायकडं पाहून हासतात अन् फोन संपते. एक दिवस पौर्णिमाताई म्हणे, "बाबा, हे पोरगी काहीच खात नाही, एक टाको सोडून. भारतात आणीन तं उपाशी राहीन."

बस, तितकंच! मामाजी उठले. "माह्या घरी माही नात उपाशी राहीन?"

शिकवलं कोणं? लुसियाच्या दुसऱ्या आजीनं, म्हणजे मामाजीच्या विहीणबाईनं, फोनवर. ते तिच्या भाषेत बोले, हे आमच्या झाडीबोलीत बोलत. "विहीणबाई, मिरची भिजवाची का भाजाची?" ते काहीतरी सांगे, हे म्हणत, "हव हव, पहिले भाजाची." दोघायचं भांडण बी होये. तिकडून ते कपाळाले हात लावे, इकडून हे म्हणत, "बाईले काही समजत नाही." पण दोघायचं बराबर जमे, मले आजपर्यंत समजलं नाही कसं.

ते बाई म्हणे आग लय मंद पायजे, दिवसभर. गॅसवर परवडत नाही. मंग मामाजीनं टिनाचा डबा आणला, त्यात धानाचा भुसा ठासून भरला, मधात बाटली उभी ठेवली अन् हळूच काढून घेतली. त्या भोकात खालून आग. भुसा धुसधुसत राहते दिवसभर. वरतं गंज, त्यात मटन, भाजल्या मिरचीचं वाटण, भेदरं म्हणजे टमाटर, दालचिनी, लवंग, अन् झाकणाले कणकेचा लेप. संध्याकाळी लेप फोडला का मटन बोटानंच सुटे. मक्याच्या पुरीएवढ्या भाकरीत भराचं, वरतं कांदा, सांबाराची चिरलेली हिरवी पानं, लिंबू. लागे चांगलं, खोटं कायले बोलू. मी एकदा पाच खाल्ले.

पण मटन बड्याचं, म्हशीचं. लुसिया तेच खाते म्हणे, बकऱ्याचं चालत नाही.

मले भेव तिथंच. आमी भाड्यानं राहतो, गल्लीत आमचं एकच घर बौद्धाचं. लेकराचे बाबा तिकडं नाकाडोंगरीकडं खाणीत कामाले, सुट्टी मंगळवारची. रविवारी घरात मी, लेकरू, मामाजी अन् तो वास. मी खिडक्या लावो, अगरबत्त्या लावो, तं अजूनच काहीतरी लपवून राहिल्यासारखं वाटे.

"मामाजी, कोणी विचारलं तं?"

"तं सांगाचं, म्हैस आहे. कायद्यात बसते."

"गाईच्या नावानं फिरतात ते पोट्टे कायदा नाही हुंगत मामाजी, वास हुंगतात."

"तू नववी नापास, मले कायदा नको शिकवू."

अन् आलेच ते. दोघं जण, गाडीवर, फाटकाजवळ. मी दाराआड. एकानं फोन वरतं धरला होता. "आजोबा, काय शिजून राहिलं?"

दुसरा कोणी असता तं म्हणता, आलू. मामाजी खूश! कोणीतरी विचारलं ना! "टाको! या ना बाबू, बसा. हे मिरची पहिले भाजाची, भिजवाची नंतर, तिथंच लोकं चुकतात..."

"मटन कायचं हाय?"

"म्हशीचं."

"कशावरून?"

मामाजी झाकणाच्या लेपाकडं पाहाले लागले. पोट्टे हासले, गंजाचा फोटो घेतला, मंग दाराकडं बी फोन फिरवला. माह्याकडं, लेकराकडं. अन् गेले.

संध्याकाळी घरमालक आले. "सूनबाई, मले काही नाही बापा, मी बी खातो कोंबडी. पण पुढच्या रविवारी वास आला तं दुसरी खोली पाहा. काही झालं तं मी मधात येणार नाही."

पाजाले घेतलं तं दूध उतरेना, लेकरू किंचाळे. मी मामाजीच्या पायाशी बसली. "पाया पडतो. तुमची नात तिकडं जपून आहे. हे लेकरू इथं आहे."

"पौर्णिमा दिवाळीले आणून राहिली तिले," मामाजी म्हणाले. "तोवर हात बसला पायजे." अन् उठून गेले.

मले वाटलं, संपलं. माणूस दगड आहे.

पुढच्या रविवारी सकाळीच भुसा ठासाचा आवाज आला. मी लेकराचे कपडे पिशवीत भरले, माहेरी जायाले. पण बस दुपारची, अन् रस्त्यानं एकटी जायाचं बी भेव. तशीच बसून राहिली. दुपार झाली, वास नाही. मले वाटलं, माहं नाकच गेलं.

संध्याकाळी फोन वाजला. तिकडं सकाळ. मामाजीनं फोन भिंतीले टेकवला अन् लेप फोडला. वाफ उठली, लुसिया तिकडून टाळ्या वाजवाले लागली. मी मागून वाकून पाहिलं. गंजात साधं पाणी होतं. नुसतं, उकळतं पाणी.

मामाजीनं भाकर घेतली, फोनकडं पाठ करून रिकामीच दुमडली, अन् पलटले. लुसियानं तिचा टाको दाखवला, यायनं यायचा दाखवला. दोघायनं संगच घास घेतला. मामाजी ते कोरडी भाकर लय वेळ चावत राहिले, मान हालवत, "वा, वा" करत.

"बाबा, मस्त झालं का?" पौर्णिमाताईनं विचारलं.

"मस्त झालं. पण तू दिवाळीले नको आणू तिले," मामाजी म्हणाले. "इथं गरमी लय आहे."

दिवाळीत कायची गरमी! ताईले बी समजलं असन.

गल्लीतून त्या पोट्ट्यायची गाडी गेली, थांबली नाही. घर राहिलं आमचं. मले बरं वाटाले पायजे होतं. मी पिशवीतून लेकराचे कपडे काढले अन् एकेक घडी करत बसली. मामाजी तिकडं अजून चावूनच राहिले होते.