डब्याची शिष्टाई

गजाननरावांच्या स्वयंपाकघरात संक्रांतीपासून शत्रुपक्षाचा एक डबा अडकून पडला होता. स्टीलचा, झाकणावर ‘चारुलता’ कोरलेलं. चारुलताबाई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या भीमरावांची बायको. जयपुरातल्या बनी पार्कच्या त्या गल्लीत मराठी घरं दोनच, आणि त्या दोघांचंच फाटलं होतं. हळदीकुंकवाला, म्हणजे नेमकं गोड बोलायच्या दिवशी, चारुलताबाई चारचौघींत म्हणाल्या, की मधुमतीची गूळपोळी खायच्या आधी दाताच्या डॉक्टरांना विचारून घ्या. झालं! गजाननरावांच्या बायकोने, मधुमतीबाईंनी, त्या दिवसापासून खालच्या मजल्याशी संबंध तोडले. डब्याचं मात्र काही जमेना. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायची त्यांच्या माहेरी रीत नव्हती, आणि भरून द्यावा तर माघार घेतल्यासारखं. म्हणून तो फळीवर तसाच बसून होता.

एरवी गजाननरावांनी यात नाक खुपसलं नसतं. पण पेपरात आलं, की पाकिस्तानचे अध्यक्ष कसोटी सामना बघायला जयपुरात येणार. सीमेवर दोन्हीकडच्या फौजा उभ्या, आणि हा गृहस्थ क्रिकेटच्या निमित्ताने गोडी करायला निघालेला. त्यात भीमरावांना बँकेतून त्या दिवसाचे दोन पास मिळालेले. गजाननरावांचा जीव त्या दुसऱ्या पासात अडकला. पानाच्या दुकानापाशी भीमराव हळूच म्हणाले, “पास देतो हो, पण बायकांचं मिटल्याशिवाय कसा देऊ? चारू घरात घेणार नाही मला.”

दुसऱ्या दिवशी गजाननरावांनी डबा गुपचूप पळवला, बाजारातल्या हलवायाकडून मावा कचोरी भरून घेतली आणि जिन्याखाली भीमरावांच्या हातात ठेवली. मधूने स्वतः केलीय म्हणून वहिनींना सांगा, असं वर बजावलं. संध्याकाळी डबा परत आला तो मूगडाळीच्या हलव्याने भरून. चारूने केलाय, असा निरोप होता. गजाननरावांना ब्रह्मानंद झाला. पण हलवा वर न्यायचा कसा? डबा खाली गेला कधी, हेच मधुमतीबाई आधी विचारतील. तेव्हा त्यांनी स्कूटरच्या आडोशाला उभ्या उभ्या सगळा हलवा संपवला.

मग काय, रोज डबा भरून खाली जायचा आणि भरून वर यायचा. रात्री ताटावर बसलं की गजाननराव म्हणायचे, भूक नाही. त्यांच्या जिवाभावाचा झुणकासुद्धा ताटात तसाच राहू लागला. मधुमतीबाई पार घाबरून गेल्या.

सामन्याच्या आदल्या दिवशी गजाननराव जिन्याखाली तोंडात तिळाची गजक कोंबत होते, भीमराव शेजारीच उभे होते, आणि वरून दोघी एकदम उतरल्या.

चारुलताबाई म्हणाल्या, “आमच्या ह्यांचं अन्न तुटलंय. गल्लीत कावीळ फिरतीय का काय, म्हणून वहिनींना विचारायला गेले. तर तुमचंही तेच. आणि इथं हे चाललंय.”

गजाननराव घास गिळत म्हणाले, “वहिनी, तुमचा तो हलवा मात्र फार सुरेख झाला होता.”

“मी कधी केला हलवा?”

“आणि वहिनींची ती मावा कचोरी?” भीमरावांच्या तोंडून निघून गेलं.

“मी कसली कचोरी केली?” मधुमतीबाईंनी विचारलं.

गजाननरावांनी भीमरावांकडे पाहिलं. ते खाली मान घालून उभे होते. म्हणजे भीमरावही त्याच हलवायाकडून डबा भरून आणत होते, आणि वरून आलेला स्वतःच फस्त करत होते तर! दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हसत हसत जिन्यावरच बसल्या. गजाननरावांना वाटलं, आता आपलं काम झालं.

“मग उद्या मॅचला जायचं ना?” त्यांनी विचारलं.

“जाणार की,” चारुलताबाई म्हणाल्या. “मी आणि वहिनी. तुम्ही दोघं आजारी ना?”

सकाळी दोघी रेशमी साड्या नेसून रिक्षाने स्टेडियमला गेल्या. दोघं नवरे टीव्हीसमोर बसले. मध्ये तोच डबा होता, आज दोघींनी मिळून केलेल्या गूळपोळ्यांनी भरलेला. गजाननरावांनी एक तुकडा मोडायला घेतला. तो मोडेना. भीमरावांनी दाढेखाली धरून पाहिला आणि गाल दाबून बसले.

“गजाननराव, खरं सांगू का?” थोड्या वेळाने ते म्हणाले.

“नको,” गजाननराव म्हणाले. “आत्ताच कुठे तह झालाय. चहात बुडवून खा.”