ओरखडे वाचणारे डोमाजीभाऊ

डोमाजीभाऊ समोरच्या माणसाला जयभीम घालायच्या आधी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेत. विचारायची पद्धत नव्हती. "पाहू द्या जरा," हे शब्द कानावर पडेपर्यंत चष्मा त्यांच्या हातात गेलेला असे आणि आपण भर रस्त्यात डोळे मिचकावत उभे! मग ते तो उजेडाकडे धरत, जरासा तिरका करत, आणि आपल्याच घरातल्या चार गोष्टी आपल्याला ऐकवत.

माझा पहिल्यांदा काढला तेव्हा मी अशी भडकले की विचारू नका. मी शाळेतली मास्तरीण. माझ्या नाकाला हात लावायची हिंमत माझ्या सासूबाईंनीही केली नव्हती.

"बाई, तुमी पदरानं पुसता," डोमाजीभाऊ शांतपणे म्हणाले, "आन् त्या पदराले खडूची भुकटी असते. झोपताना चष्मा पालथा ठेवता. खिडकीत ठेवता का? हो, खिडकीतच. रेती बसली हाये."

पदर खरा, खडू खरा, खिडकीही खरी. माझ्या नवऱ्याला बारा वर्षांत यातलं एकही लक्षात आलं नव्हतं. मी राग गिळला आणि त्या दिवसापासून या माणसाची जी भक्त झाले ती झालेच.

नागपुरात सक्करदऱ्याला ते आमच्या शेजारी राहत. मधे फक्त एक मेंदीचं कुंपण. धरमपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत त्यांचं काम चाले: फिरत्या दगडावर काचेच्या कडा घासायच्या आणि ती फ्रेममध्ये बसवायची. वीस-बावीस वर्षं रोज सायकलने तिकडे जायचे आणि यायचे. काचेखेरीज त्यांना जगात दुसरं काही दिसत नसे. पिक्चरला गेले तर नटीचं सोडून द्या, तिच्या बापाच्या चष्म्याबद्दल बोलत परत येत.

एका वरातीत तर त्यांनी घोड्यावरच्या नवरदेवाचा चष्मा काढला. बँड वाजून राहिला, पोरं नाचून राहिली, आणि हे बत्तीच्या उजेडात काच निरखताहेत!

"काहून गा, याच काचेतून पोरगी पाहून आलता का?"

"हो," नवरदेव घाबरून म्हणाला.

"मंग परत एकदा पाहून घे बाप्पा. यातून तुले माणूस आन् खंबा सारखाच दिसत असन."

वऱ्हाडी हसून हसून खाली बसले. पण त्याच आठवड्यात नवरदेव दुकानात जाऊन दोन्ही काचा बदलून आला. बायको पहिल्यापेक्षा बरी दिसते, असं त्याने स्वतः येऊन सांगितलं.

काटोलच्या संत्रेवाल्याची गोष्ट तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आम्ही एकाच बसमध्ये होतो. तो बिचारा कपाळाला गमछा बांधून बसला होता. तीन महिने डोकं दुखत होतं. पित्ताचं औषध झालं, काढा झाला, नवस झाला, कोणी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. डोमाजीभाऊंनी शेजारी बसता बसताच त्याचा चष्मा उतरवला.

"तुमी गमछानं पेटीतलं तणसाचं गवत झाडता, त्याच गमछानं तोंड पुसता, त्याच गमछानं काच. बरोबर?"

"बरोबर," संत्रेवाला म्हणाला.

"मंग डोक्याले काहून दोष देऊन राहिले? हे पाहा, ओरखडे मधात हायेत. कडेले असते तं चाललं असतं. मधातून तं तुमी पाहता. उजेड सरळ आत यायचा सोडून इकडेतिकडे फाकते, आन् डोया बिचारा दिवसभर त्याच्यातून वाट काढत बसते. संध्याकायपर्यंत थकते, पाणी गायते, मंग कपाळ ठणकते."

"डोळे गेले का जी माझे?" त्याने कपाळावरचा गमछा ओढतच विचारलं.

"डोये कुठी जात नाहीत. थकले हायेत. काच बदला."

पंधरा दिवसांनी संत्र्यांची एक अख्खी पेटी डोमाजीभाऊंच्या ओट्यावर येऊन पडली. मी त्यातलं एक संत्रं सोलताना त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. डॉक्टर, वैद्य, देव, सगळ्यांनी हात टेकलेलं दुखणं या माणसाने बसच्या खिडकीतल्या उजेडात ओळखलं होतं. असा माणूस आपल्या कुंपणापलीकडे राहतो याचा मला अभिमान वाटायचा, अगदी मीच त्याला शोधून काढल्यासारखा.

पण मला सगळ्यात जास्त अप्रूप होतं ते त्यांच्या सकाळचं. नळावर पाणी भरताना मी रोज पाहायची. भाऊ ओट्यावर बसत, समोर त्यांची बायको गयाबाई. शेजारी वाटीत कपडछान केलेली गोवरीची राख. चष्म्यावरचा फोडणीचा तेलकटपणा काढायला राखेसारखं काही नाही, हा त्यांचा स्वतःचा शोध. गयाबाईंचा चष्मा पाण्यात बुडवून ते अंगठ्याने ही राख काचेवर गोल गोल फिरवत. स्वतःचा चष्मा तोवर कोनाड्यात पडलेला. "आधी इचा, मंग माहा," हे ठरलेलं. तिचा लख्ख करून तिच्या नाकावर चढवत, ती चुलीकडे जाई, मग आपला पुसून लावत आणि सायकल काढत. आमच्या घरी नवऱ्याने माझा चष्मा कधी पुसला असेल तर तो त्यावर बसल्यानंतर.

गयाबाई तिशीनंतर अक्षरं शिकलेल्या. प्रौढांच्या वर्गात पाटी घेऊन बसल्या आणि वस्तीतल्या बायकांत पहिल्यांदा वाचायला लागल्या त्या याच. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. तीन वर्षं वाचायचा मान त्यांचा होता. पांढरं लुगडं नेसून त्या बसल्या की डोमाजीभाऊ मागच्या रांगेत मान ताठ करून बसत. त्या तासाभरात ते कोणाचाही चष्मा काढत नसत, यावरून काय ते समजा.

चौथ्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. गयाबाई अडखळू लागल्या. ओळ सुटायची, डोळ्यांतून पाणी यायचं, दिव्याकडे पाहिलं की डोळे मिटायच्या. दोन बायका कुजबुजल्या. भाऊंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. नंबर तोच, मोतीबिंदू नाही, डोळे ठणठणीत. भाऊ हैराण झाले.

"वय झालं आता," गयाबाई म्हणाल्या. "बाई, उद्यापासून तुमी वाचा. मले नाही जमत."

मला रडूच आलं. ज्या बाईने तिशीनंतर पाटी हातात धरून अक्षरं गिरवली, ती आपली जागा उठून दुसऱ्याला देत होती. दुसऱ्या दिवशी मी गेले खरी, पण माझा चष्मा दांडी बदलायला भाऊंच्याच दुकानात पडलेला. आमच्या दोघींचा नंबर एकच. गयाबाईंनी आपला काढून मला दिला.

तो लावला मात्र, डोक्यावरचा बल्ब फुटून सगळीकडे सांडल्यासारखा दिसला. पानावर धुकं. चार ओळी वाचल्या आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली. मी चष्मा काढला, भाऊंनी शिकवला तसा उजेडाकडे धरला आणि जरा तिरका केला. दोन्ही काचांवर बारीक बारीक ओरखडे. आडवे नाहीत, उभे नाहीत. गोल गोल.

रोज सकाळी ओट्यावर अंगठा फिरायचा, अगदी तसे. गयाबाईंच्या या काचा नेहमीच्या नव्हत्याच. जड काचेने त्यांच्या नाकावर जखमा होत, आणि चुलीपाशी पडून दोन चष्मे फुटले होते. म्हणून मालकाने मुंबईहून आणलेल्या नव्या, हलक्या, प्लास्टिकच्या काचा भाऊंनी यंदाच मोठ्या हौसेने बसवल्या होत्या. "फुटतच नाहीत!" असं सगळ्या वस्तीला सांगितलं होतं. आणि जे फुटत नाही ते घासल्याने काय होतं, असा बिनतोड हिशेब करून रोज त्यावर राख फिरवली होती. साऱ्या नागपूरचे चष्मे त्यांनी स्वतःचा चष्मा लावून तपासले. बायकोचा तेवढा त्याच्याशिवाय.

आता हे त्यांना सांगायचं कोणी? ज्याला मी देवाच्या जागी बसवलं त्याला? रात्रभर मला झोप नाही. पण न सांगावं तर गयाबाईंचं वाचन कायमचं सुटणार. सकाळी कुंपण ओलांडून गेले. भाऊंनी नुकताच राखेत अंगठा बुडवला होता.

"भाऊ, आज आधी तुमचा लावा."

"नाही बाई. आधी इचा."

"माझं ऐका. लावा."

त्यांनी कोनाड्यातला चष्मा लावला. गयाबाईंचा उन्हाकडे धरला आणि तिरका केला.

"कोण्या गाढवानं घासलं हे?" ते ओरडले.

मी राखेच्या वाटीकडे बघितलं. गयाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. भाऊंनी पुन्हा काच पाहिली, मग राखेने माखलेला आपला अंगठा पाहिला. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, उगाच आले मी. कितीतरी वेळ त्यांनी अंगठा धोतराला पुसला.

"आजच काचेच्या बसवून आणतो," ते गयाबाईंना म्हणाले. "संध्याकायी तूच वाचशीन. बाई नाही. पण तुले कयाले पाहिजे होतं ना, धुरकट दिसून राहिलं म्हणून?"

"कयलं होतं मले," गयाबाई म्हणाल्या. "उन्हायातच. तुमी घासलं का जास्तच धुरकट होये."

"मंग काहून नाही बोलली?"

गयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. माझ्याकडे एकदा बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुमी सकायी जाता ते अंधार पडल्यावर येता. दिवसभर लोकाइचे चष्मे. जेवतानाही तेच. घासाले बसले का तेवढे पाच मिनिट माह्यासमोर बसता. सांगितलं असतं तं तेही गेले असते."

डोमाजीभाऊंनी राखेची वाटी हळूच बाजूला सरकवली. सायकलची वेळ कधीच होऊन गेली होती, पण ते उठले नाहीत.

"तं तसं सांगाचं ना वं," ते म्हणाले. "मी चष्म्याबिगरही बसलो असतो."