लांजेवार भाऊजींचं विमान तपासणीवर आहे

लोक विमानात बसून प्रवास करतात. मी बालाघाटमध्ये विमान काखोटीला मारून प्रवास केला, आणि तोही पायी.

लग्न होऊन नागपूरहून आले, मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि तार ऑफिसातल्या लांजेवारांच्या शेजारी आम्ही बिऱ्हाड केलं, तेव्हाची ही गोष्ट. साठ साल उलटून गेलं होतं. सामान अजून पोत्यांतच होतं. अंगणात दोरीवर लुगडी वाळत घालत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून एक उंच, सडपातळ, टोपी घातलेले गृहस्थ आले. ना नाव विचारलं, ना गाव.

"मास्तरीनबाई?"

"हो."

"धरा."

मी धरलं. पाहते तर हातात विमान! माझ्या दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढे पंख, सावरीच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं रेशमी कापड आणि त्याला उग्र वासाचं रोगण.

"पोस्टापर्यंत. हाललं का हात वर."

एवढं बोलून ते शिडीवर चढले आणि छपराच्या कवेलूंच्या कडेशी दुर्बीण लावून बसले. नवी सून, नवं गाव, शेजाऱ्यांचं मन मोडायचं नाही अशी आईची शिकवण. मी मुकाट्याने पदर खोचला आणि पोस्टाकडे चालू लागले.

भाऊजींचं बोलणं हे असं. सगळी हयात तारा पाठवण्यात गेलेली, त्यामुळे एक शब्द जास्त गेला तर आपल्याच खिशाला चाट बसेल अशा बेताने ते बोलायचे. भाजीवाल्याशी "वांगे. पाव. ताजे." आमच्या ह्यांच्याशी "पेपर? झाला? द्या." लग्नाची बोलणी यांनी कशी केली असतील, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता.

त्या विमानाची रचना मला पुढे कळली. कळणारच, दुसरं काही ते बोलतच नसत. घरात खिडकीशी एक पत्र्याची पेटी होती, तिला दाराच्या घंटीचं बटण होतं आणि खिडकीबाहेर काढलेली लांब तांब्याची काठी. बटण दाबलं की ही पेटी हवेतून निरोप धाडायची, विमानाच्या पोटातली लहान पेटी तो ऐकायची आणि शेपटीवरचं तळहाताएवढं पान हलायचं. एकदा दाबलं की उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे. हा निरोप किती लांब पोचतो ते पाहायचं, तर कुणीतरी विमान घेऊन लांब लांब जायला हवं. हीच ती तपासणी.

तपासणीचे नियम कडक होते. पान उजवीकडे हललं तर उजवा हात वर, डावीकडे हललं तर डावा. विमान डाव्या काखेत असायचं, म्हणून डावा हात वर करायचा तर आधी ते उजव्या काखेत घ्यायचं. तोवर पान पुन्हा उजवीकडे. भर बाजारात मी अशी कवायत करत असताना समोरून हेडमास्तरीणबाई आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. त्याही गेल्या आठवड्यात विमान घेऊन स्टेशनापर्यंत जाऊन आल्या होत्या.

होय, यातून कुणी सुटलं नव्हतं. पोस्टमन, डॉक्टर, पाहुणे आलेले जावई, सगळ्यांनी ते विमान फिरवलेलं. उडालेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. गावात एखाद्याचं घर बांधून पुरं होत नसलं, तर लोक म्हणायचे, "लांजेवारचं विमान आहे ते. तपासणीवर आहे."

अडचण अशी होती की कुणी बटण न दाबताच पान अधूनमधून आपोआप फडफडायचं. आकाशात असं झालं तर विमान खाली येणार, हे मलाही कळत होतं. भाऊजी याला "गडबड" म्हणत आणि या गडबडीचा त्यांनी वर्षभर पोलिसी तपास केला.

पहिला संशय माझ्या रेडिओवर. "रेडिओ. बंद करा. गडबड." वास्तविक त्यांची पेटी सुरू झाली की माझ्याच रेडिओतून चुलीवर दूध उतू गेल्यासारखा फुसफुसाट यायचा. दुपारच्या श्रुतिकेतली सासू बोलायला लागली की नेमका तेव्हाच! मग संशय डॉक्टरांच्या सायकलच्या डायनॅमोवर. शेवटी तपास थांबला तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बिसेनच्या पिठाच्या चक्कीवर. चक्कीच्या मोटारीतून ठिणग्या उडतात आणि त्या विमानाच्या कानात जातात, असं भाऊजींचं म्हणणं. बिसेनभाऊ कमरेवर हात ठेवून ओरडले, "लांजेवारजी, पूरा मोहल्ला मेरा आटा खाता है! आपका जहाज क्या खाता है?"

विमानाच्या पोटात एक इवलीशी कळ होती, तिला स्प्रिंग आणि स्प्रिंगला एक स्क्रू. या स्क्रूवर मात्र भाऊजी भरभरून बोलत. "हे पाहा मास्तरीनबाई. ढिला केला का कळ भित्री होते. चक्कीची ठिणगी उडाली का दचकते. जास्त कसला का बहिरी होते. मंग बटण दाबून बोट झिजलं तरी आयकत नाही. मधात कुठंतरी जागा आहे. ते सापडली पाह्यजे." हे व्याख्यान मी त्यांच्या ओट्यावर इतक्यांदा ऐकलं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगितलं असतं.

आणि बटण कोण दाबायचं? कौसल्याताई. भाऊजींची बायको. एका तापात त्यांचे पाय गेले ते गेलेच. पूर्वी म्हणे ही बाई आठवडी बाजार, देऊळ, नणदेचं घर, सगळीकडे पायी हिंडायची. तिला गाठायचं तर रस्त्यावरच गाठावं लागायचं. आता खिडकीजवळची खाट हेच त्यांचं जग. तिथे उशीला टेकून त्या बटण दाबायच्या. आम्ही परत आलो की भाऊजी शिडीवरून उतरून विमान ताब्यात घ्यायचे आणि ताई आम्हाला खाटेजवळ बसवून विचारायच्या, "कोन कोन भेटलं? वांगे कसे होते आज? नणदबाईच्या दारात तुळस आहे का सुकली?"

मला भाऊजींचा राग यायचा. गावाला कामाला लावलं ते लावलं, पण अंथरुणाला खिळलेल्या बाईलाही सोडू नये? आमच्या ह्यांना मी तसं म्हटलंही. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तू तरी कुठं नाही म्हणतेस?"

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या आणि बिसेनभाऊंचा धीर सुटला. चारचौघांत म्हणाले, "लांजेवारजी, इस इतवार उड़ाओ. मैं चक्की बंद रखता हूँ. फिर भी नहीं उड़ा तो मेरी चक्की का नाम मत लेना." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांत जोरात मी. शाळेत जाऊन सांगितलंही, की या रविवारी विमान उडणार. भाऊजी टोपी सारखी करत एवढंच म्हणाले, "पाहू."

रविवारी सकाळी मागच्या बांधीत ही गर्दी! मी भाऊजींना बोलवायला गेले. ते ओट्यावर पाठमोरे बसले होते. मांडीवर विमान, हातात घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर. मी हाक मारणार, तोच थबकले. ते स्क्रू ढिला करत होते! चुकून नाही, चांगला मन लावून, दोन पूर्ण फेरे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भित्रा माणूस! सगळं गाव उन्हात ताटकळतंय आणि हे स्वतःच्या हाताने बिघाड करताहेत. मी तशीच मागच्या दाराने आत शिरले.

"ताई, भाऊजींनी स्क्रू ढिला केला! मुद्दाम! मी डोळ्यांनी पाहिलं."

"हौ," ताई शांतपणे म्हणाल्या. "आज लोकाईले दाखवा लागन ना काईतरी."

म्हणजे ताईंना ठाऊक होतं!

"बसा. गडबड तं दिवाळीतच सरली बाप्पा. तपासणीच्या आंधी ते विमान चालू करून इथंच ठेवते, माह्या उशाशी. पह्यले चक्की सुरू असली का पान फडफड करे. आता चक्की बोंबलते, अन् हे पान ढिम्म हालत नाही. मी दिवसभर इथं पडून काय करतो? तेच पाह्यतो."

"मग भाऊजी सांगत काहून नाहीत?"

"सांगतलं तं उडवा लागन. पडलं, फुटलं तं सरलं. अन् नाही पडलं तरी मंग तपासणी कोन करन?" ताईंनी बटणावरची धूळ पदराने पुसली. "रोज मले विचारते, आज कुठं? मी म्हणतो बाजार, तं बाजारात धाडते. मी म्हणतो नणदबाईकडं, तं तिकडं. मी इथून बटण दाबलं का तिथं बाजारात काईतरी हालते. मंग तुमी येऊन सांगता. मले वाटते मीच जाऊन आली."

ताईंनी मला जवळ ओढलं.

"त्याईले सांगू नका हं, मले समजलं म्हणून. त्याईले वाटते, हिले काम आहे, हिच्याबिगर विमान अडून राह्यलं. तसंच वाटू द्या त्याईले. मले समजलं म्हणून कळलं, तं उद्याच उडवून टाकतीन बिचारे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोघांचा रागही आला. एका खोलीत राहून नवरा-बायको एकमेकांपासून लपवतात ते काय, तर एक स्क्रू! पण रागवायला वेळ नव्हता. बाहेर गलका सुरू झाला होता.

बांधीत भाऊजींनी विमानाच्या नाकावरचं इंजिन सुरू केलं. एवढंसं इंजिन, पण आवाज असा की दोन म्हशी दावं तोडून पळाल्या. इंजिनाचा हादरा बसला आणि भित्र्या कळीने तिचं काम चोख केलं. शेपटीचं पान वेड्यासारखं इकडून तिकडे फडफडायला लागलं.

"गडबड," भाऊजी म्हणाले. "तपासणी बाकी."

"अरे वा!" बिसेनभाऊ पुढे आले. "चक्की तो बंद है! मतलब साल भर मेरी चक्की बेकसूर थी?"

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "फेंक दो हवा में! गिरेगा तो गिरेगा!" दुसऱ्याने साथ दिली. बिसेनभाऊंनी तर पंखाला हातच घातला. मनाने वाईट माणूस नाही, पण दिवसभराची चक्की बुडाली होती आणि त्याला काहीतरी उडालेलं पाहायचं होतं. भाऊजींनी विमान छातीशी धरलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग माझा वर्गातला आवाज निघाला. "खबरदार! बिसेनभाऊ, हात काढा! पान कसं फडफडतंय दिसत नाही? सुटलं आणि कुणाच्या डोळ्यात घुसलं तर जबाबदार कोण? इथे येताना मीच पाहिलं, मोठा बिघाड आहे त्यात. आज उडणार नाही. चला, सगळे घरी!"

चाळीस मुलींचा वर्ग ज्या आवाजाने बसतो, त्याने बांधीही रिकामी झाली. बिसेनभाऊ जाता जाता पुटपुटले, "मास्टरनी भी मिल गई इनमें." मिळाले होतेच.

भाऊजी विमान घेऊन माझ्याबरोबर परत आले. ओट्यावर बसून त्यांनी निमूटपणे स्क्रू कसला. मी समोर उभी आहे हे त्यांना दिसत होतं, आणि आपण काय करतोय हे मला समजतंय हेही. त्यांनी मान वर केली नाही. मी ओट्याशेजारी पडलेली चिंचेची शेंग सोलत उभी राहिले.

संध्याकाळी आतून ताईंचा आवाज आला, "मास्तरीनबाई, आज नदीवर जाता काय? पुलापर्यंत?"

"लांब," भाऊजी म्हणाले. "पोचत नाही."

"पाहू तरी," मी म्हटलं आणि विमान काखोटीला मारलं.

पुलावर पोचेपर्यंत ऊन कललं होतं. मी कठड्याशी उभी राहून शेपटीच्या पानाकडे टक लावली. काही नाही. विमान इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, उंच धरलं. पान ढिम्म. बैलगाड्या गेल्या, सायकलवाले मान वळवून पाहत गेले. शेवटी कंटाळून मी नदीकडे पाहिलं. वैनगंगा चांगली पसरून वाहत होती, पण मधले खडक उघडे पडले होते. पलीकडे परटिणी कपडे गोळा करत होत्या. एक माणूस मधल्या खडकावर बसून पाय पाण्यात सोडून एकटाच गात होता. कितीतरी वेळ मी पाहत राहिले. मग भानावर येऊन विमान सावरलं आणि घरी आले.

ताई वाटच पाहत होत्या. माझं मन धीट झालं होतं, सकाळपासून खोटं बोलायची सवयही लागली होती. खाटेपाशी जाऊन सांगितलं, "हललं ताई! पुलावरसुद्धा हललं. उजवीकडे आणि डावीकडे, दोन्हीकडे!"

ताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"काहीच्या बाही! मी तं बटण दाबलंच नाही."

"म्हणजे?"

"दाबलं असतं तं तुमी त्या पानाकडंच पाह्यत राह्यल्या असत्या. म्हणलं, नदी तं पाह्यतीन." त्यांनी मला हाताला धरून खाटेवर बसवलं. "सांगा आता. पाणी कुठवर आहे? अन् मधातले ते खडक उघडे पडले काय?"

दारात भाऊजी उभे होते. विमान घ्यायला आले होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही. टोपी काढून हातात घेतली आणि उंबऱ्यावर बसले.

विमान मांडीवर तसंच ठेवून मी नदी सांगायला लागले.