परबबाईंचा लोकरी रेणू

परबबाई रेणूंशी मालवणीत भांडतात. समोर कंप्युटरच्या पडद्यावर आरएनएचं मॉडेल गरगर फिरत असतं आणि बाई ओरडतात, "मेल्या, खंय चललंस?" परळच्या आमच्या प्रयोगशाळेत नवा माणूस आला की त्याला वाटतं, बाई शिपायाला झापतायत.

आरएनए म्हणजे पेशीतला लांबलचक धागा. तो स्वतःभोवती घड्या घालून बसतो, आणि ती घडी कळली तर त्याचं काम कळतं. सॉफ्टवेअरकडून ती घडी काढून घेणं हा आमचा धंदा. बाईंचा मात्र सॉफ्टवेअरवर काडीचा विश्वास नाही. "मशीनला लाज नसते," म्हणतात आणि पडद्यावरचा प्रत्येक आकार तारेवर लोकर गुंडाळून, हाताने वळून बघतात.

त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत एक मॉडेल परदेशी परीक्षकांना पाठवायचं होतं. माझी नोकरी वर्षाच्या कराराची. मॉडेल वेळेत गेलं नाही तर करार संपला, हे साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं. सॉफ्टवेअर खूश होतं, मीही खूश होतो. चार वाजता बाई लोकरीचा रेणू पिशवीत टाकत म्हणाल्या, "काहीतरी खटकतंय. चल, अण्णांना दाखवू."

"बाई, पण सहाला..."

"चल रे. लालबाग काय लंडनला आहे?"

अण्णा म्हणजे बाईंचे वडील. मिलमध्ये कापड तपासायचे, दोष हुडकायचे. संपात मिल बंद पडली ती पडलीच, आणि तेव्हापासून ते चाळीत दाराशी खुर्ची टाकून बसलेत. साडेचार वाजले. अण्णांनी चष्मा पुसला. मग परत पुसला. त्यांचं बोट लोकरीवरून मुंगीच्या चालीने सरकत होतं आणि मला ते धरून पुढे ओढावंसं वाटत होतं. पाच वाजून गेल्यावर ते थांबलं.

"गो, ह्यो दोरो ह्या फाशातसून आरपार गेलो कसो? आधी सोडय तो."

मी वाकून बघितलं. धाग्याचा एक पदर दुसऱ्या वेढ्यातून आरपार घुसला होता. खऱ्या रेणूत असं होणं जवळपास अशक्य. आम्ही धावतच परत आलो.

साडेपाच झाले होते. नवं मॉडेल करायला दोन तास तरी लागणार. आपली नोकरी गेली असं धरूनच मी फोल्डर उघडला, तर आत दुरुस्त मॉडेल तयार! फाईलवर वेळ होती दुपारी अडीचची.

माझं डोकंच फिरलं. "बाई, चूक तुम्हाला आधीच सापडली होती? मग लोकरीचं चुकीचंच घेऊन गेलात?"

"मग? बरोबर नेलं असतं तर अण्णांनी शोधलं काय असतं?" बाईंनी मॉडेल पाठवून दिलं. "महिना झाला, घास-दोन घास खाऊन उठतात. म्हणतात, काम नाही त्याला भूक कसली."

पुढे काही बोलायच्या आत घरून फोन आला. बाईंनी ऐकला, ठेवला.

"आई म्हणते, अण्णांनी आपणहून भात मागितला."

आणि भर प्रयोगशाळेत, माझ्यासमोर, परबबाई रडल्या.